अस्थिभंगोत्तर नासासंधान

अस्थिभंगोत्तर नासासंधान ही मोडून चुकीच्या स्थितीत जुळलेल्या नाकाचा आकार आणि श्वसनमार्ग पूर्ववत करण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया आहे. तीत नाकाची हाडे, त्यांना जोडलेल्या कूर्चा आणि दोन नाकपुड्यांमधील पडदा यांची एकत्रित दुरुस्ती करावी लागते. म्हणून आधुनिक वैद्यकात तिला बहुधा सेप्टोराइनोप्लास्टी या नावाने ओळखले जाते. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या नासासंधानापेक्षा ही शस्त्रक्रिया हेतूने आणि तंत्राने वेगळी आहे. बहुतेक रुग्णांची मुख्य तक्रार नाक वाकडे दिसण्याइतकीच, किंवा त्याहून अधिक, एका वा दोन्ही नाकपुड्यांतून श्वास नीट न येण्याची असते.

चेहऱ्याच्या हाडांपैकी नाकाची हाडे सर्वांत जास्त वेळा मोडतात. रस्त्यावरील अपघात, मारामारी, पडणे आणि कबड्डी, क्रिकेट, मुष्टियुद्ध यांसारखे खेळ ही त्याची नेहमीची कारणे होत. दुखापतीनंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत हाडे जागेवर बसवली, तर पुढची मोठी शस्त्रक्रिया अनेकदा टळते. ही मुदत निघून गेली किंवा पडद्याची इजा लक्षात आली नाही, तर नाक वाकड्या स्थितीतच पक्के होते.

## नाकाची रचना

बाह्य नाकाचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग हाडांचा आणि खालचा दोन तृतीयांश भाग कूर्चांचा असतो. हाडांच्या भागात मध्यरेषेवर जुळणारी दोन नासास्थी आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना वरच्या जबड्याच्या हाडाचे वर गेलेले फाटे असतात. नासास्थी भुवयांकडे जाड आणि खालच्या टोकाकडे पातळ होत जातात. त्यामुळे बहुतेक अस्थिभंग त्यांच्या खालच्या अर्ध्या भागात होतात. हाडांच्या खाली वरच्या पार्श्व कूर्चांची जोडी आणि शेंड्याला आकार देणाऱ्या खालच्या पार्श्व कूर्चांची जोडी असते.

नाकाच्या पोकळीचे दोन भाग करणाऱ्या पडद्याला नासापटल म्हणतात. त्याचा पुढचा भाग चौकोनी कूर्चेचा, मागचा-वरचा भाग एथमॉइड अस्थीच्या उभ्या पत्र्याचा आणि मागचा-खालचा भाग व्होमर अस्थीचा असतो. तंबूचा मधला खांब कलला की कनातही कलते, तसाच नासापटलाचा बाह्य नाकाशी संबंध आहे. पटल वाकडे राहिले, तर वरची हाडे कितीही सरळ केली तरी नाक पुन्हा त्याच बाजूला ओढले जाते.

नासापटल आणि वरची पार्श्व कूर्चा यांच्यामधील अरुंद कोनाला अंतर्गत नासाझडप म्हणतात. युरोपीय वंशाच्या व्यक्तींत हा कोन साधारणपणे १० ते १५ अंशांचा मानला जातो; रुंद नाकांत तो अधिक असतो. श्वसनमार्गातील एकूण रोधापैकी सुमारे निम्मा रोध नाकात निर्माण होतो आणि त्यातील मोठा वाटा या झडपेचा असतो. म्हणूनच या जागी झालेले थोडेसे आकुंचनही रुग्णाला तीव्रतेने जाणवते.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला चिकटून असलेल्या कूर्चावरणातून तिचे पोषण होते. नाकाच्या दुखापतीतील सर्वांत घातक गुंतागुंतीचे मूळ या रचनेतच आहे.

## नाक चुकीचे जुळण्याची कारणे

### आघाताची दिशा

नाकावरचे बहुतेक आघात बाजूने बसतात. समोरच्या आघातापेक्षा बाजूच्या आघाताने नाक कमी जोरातही मोडते. उजव्या हाताने समोरून मारलेला ठोसा बहुधा नाकाच्या डाव्या बाजूवर बसतो. तेव्हा डावी नासास्थी आत दबते, उजवी बाहेर ढकलली जाते आणि संपूर्ण नाक उजवीकडे सरकते. समोरून बसलेल्या जोरदार आघाताने हाडांचे तुकडे होऊन नाकाचा कणा खचतो आणि नासापटल दुमडते.

### उशीर

दुखापतीनंतर काही तासांतच नाकावर आणि डोळ्यांखाली सूज येते. तिच्याखाली विकृती झाकली जाते. सूज तीन ते पाच दिवसांत उतरू लागते आणि तेव्हा नाकाचा खरा आकार दिसतो. प्रौढांमध्ये सुमारे दोन आठवड्यांनंतर, तर मुलांमध्ये त्याहूनही लवकर, तुकडे परस्परांना इतके चिकटतात की साध्या दाबाने ते हलत नाहीत. सूज उतरण्याची वाट पाहणे आणि हाडे जुळण्यापूर्वी उपचार करणे या दोन गोष्टींमध्ये मोजकेच दिवस हाती असतात. 'सूज गेली की नाक आपोआप सरळ होईल' या समजुतीमुळे हे दिवस अनेकदा वाया जातात. डोक्याला, छातीला वा पोटाला गंभीर इजा झालेल्या रुग्णांत जीव वाचवण्याला प्राधान्य द्यावे लागते, त्यामुळेही नाकाकडे दुर्लक्ष होते.

### नासापटलाची दुर्लक्षित इजा

बंद पद्धतीने, म्हणजे छेद न घेता, हाडे बसवल्यानंतरही बऱ्याच रुग्णांत काही विकृती शिल्लक राहते. अशा रुग्णांपैकी पुढे नासासंधान लागणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत १४ ते ५० टक्के इतके भिन्न आढळते. अपयशाचे प्रमुख कारण म्हणजे हाडांसोबत मोडलेले किंवा जागेवरून सरकलेले नासापटल. मोडलेल्या कूर्चेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतील, तर बाहेरून दिलेल्या दाबाने ते सुटत नाहीत.

### नासापटलातील रक्तसंचय

आघाताने कूर्चा आणि कूर्चावरण यांच्यामध्ये रक्त साचले, तर कूर्चेचे पोषण तुटते. पडद्याच्या एका वा दोन्ही बाजूंना मऊ, लालसर वा जांभळट फुगवटा येणे, नाक वाढत्या प्रमाणात बंद होणे आणि वेदना ही त्याची लक्षणे आहेत. हे रक्त वेळीच छेद घेऊन काढले नाही, तर तीन-चार दिवसांत कूर्चा मृत होऊ लागते. त्यात जंतुसंसर्ग होऊन पू झाला, तर नाश आणखी वेगाने होतो. आधार गेल्यामुळे नाकाचा मधला भाग खचतो आणि खोगिरासारखी विकृती तयार होते. नाक मोडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नाकपुड्यांच्या आतून तपासणी करणे म्हणूनच आवश्यक मानले जाते. रक्तसंचय आढळल्यास सूज उतरण्याची वाट पाहता येत नाही.

## विकृतींचे प्रकार

* वाकडे नाक – संपूर्ण नाक एका बाजूला कललेले असते, किंवा त्याचा कणा धनुष्याकृती अथवा नागमोडी दिसतो. काहींत फक्त हाडांचा, तर काहींत फक्त कूर्चांचा भाग वळलेला असतो.
* खोगीर नाक – कण्याचा मधला भाग खचून शेंडा वर उचलल्यासारखा दिसतो. नासापटलाची कूर्चा नष्ट होणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे.
* कण्यावरील उंचवटा – सरकलेला हाडाचा तुकडा किंवा जुळताना तयार झालेले जादा हाड यांमुळे येतो. कूर्चेचा भाग खचल्यास मूळ हाडच उंच असल्याचा भास होतो.
* रुंद, चपटे नाक – हाडांच्या दोन्ही भिंती बाहेर पसरल्याने होते.
* शेंड्याची विकृती – नासापटलाचे पुढचे टोक मध्यरेषेवरून सरकल्यास नाकाचा शेंडा कलतो, नाकपुड्या असमान होतात आणि एका नाकपुडीत पडद्याची कड दिसते.

एकाच रुग्णात यांपैकी अनेक प्रकार एकत्र आढळतात.

## लक्षणे

नाक चोंदणे हे मुख्य लक्षण आहे. निरोगी माणसातही दोन्ही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आलटून-पालटून किंचित बंद होत असतात; त्याला नासाचक्र म्हणतात. अस्थिभंगानंतरचा अडथळा मात्र बहुधा एकाच बाजूला आणि कायमचा असतो. त्यामुळे तोंडाने श्वास घेणे, घसा कोरडा पडणे, घोरणे, झोपमोड आणि व्यायामाच्या वेळी दम लागणे असे त्रास होतात. काहींना वारंवार घोळणा फुटण्याचा त्रास होतो. वास कमी येण्यामागे हवेचा अडथळा असू शकतो. परंतु मूळ आघातात गंधतंतू तुटले असल्यास शस्त्रक्रियेने वास परत येत नाही. म्हणून गंधज्ञानाची नोंद शस्त्रक्रियेपूर्वीच करणे हिताचे असते.

चेहऱ्याच्या मध्यभागी असलेली विकृती लपवता येत नाही. मारहाण किंवा कौटुंबिक हिंसा यांतून नाक मोडलेल्या व्यक्तींना आरशातले नाक त्या घटनेची आठवण करून देत राहते. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेबरोबर समुपदेशनाचीही गरज असू शकते.

## तपासणी

रुग्णाचा पूर्ववृत्तांत घेताना दुखापत कधी व कशी झाली, आधी कोणते उपचार झाले आणि दुखापतीपूर्वी नाक कसे होते, हे विचारले जाते. जुनी छायाचित्रे येथे उपयोगी पडतात. अनेकांचे नाक मुळातच थोडे वाकडे असते आणि ते दुखापतीनंतर प्रथमच लक्षात येते.

शल्यचिकित्सक बोटांनी चाचपून हाडांच्या कडा, कण्याचा आधार आणि त्वचेची जाडी पाहतात. नाकपुडीतून प्रकाशझोत टाकून आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीने नासापटल व नासाशंख तपासले जातात. पडदा एका बाजूला वळलेला असेल, तर मोकळ्या बाजूचा नासाशंख बहुधा वाढलेला आढळतो. गाल बाजूला ओढून धरल्यावर श्वास सुधारला, तर अडथळा नासाझडपेच्या भागात असल्याचा संकेत मिळतो. या चाचणीला कॉटल चाचणी म्हणतात. श्वासाच्या त्रासाचे मोजमाप करण्यासाठी 'नोज' या नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली वापरली जाते. तिचे गुण ० ते १०० या श्रेणीत मांडतात; गुण जितके जास्त, तितका अडथळा अधिक.

समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरप्या कोनांतून आणि खालून अशी ठरावीक छायाचित्रे घेतली जातात. शस्त्रक्रियेची आखणी आणि नंतरची तुलना त्यांवर अवलंबून असते. साध्या क्ष-किरण चित्राचा उपचार ठरवण्यासाठी फारसा उपयोग होत नाही. त्यात कूर्चा दिसत नाहीत, आणि नासास्थींचे तुकडे अनेकदा तंतुमय ऊतीने जुळत असल्याने जुन्या भंगाची रेषा दीर्घकाळ दिसू शकते. शेजारची हाडे मोडल्याची शंका असल्यास किंवा विकृती गुंतागुंतीची असल्यास सीटी स्कॅन करतात.

रुग्णाच्या अपेक्षा समजून घेणे हाही तपासणीचा भाग आहे. क्षुल्लक दोषाने सतत अस्वस्थ राहण्याचा मानसिक विकार असल्यास शस्त्रक्रियेने समाधान मिळण्याची शक्यता कमी असते.

## शस्त्रक्रियेची वेळ

पहिल्या एक-दोन आठवड्यांची मुदत टळल्यानंतर घाई केली जात नाही. तुकडे पक्के जुळेपर्यंत, सूज पूर्ण उतरेपर्यंत आणि आतील व्रण मऊ होईपर्यंत साधारणपणे तीन ते सहा महिने थांबतात. काही शल्यचिकित्सक त्याहूनही अधिक काळ थांबणे पसंत करतात. अर्धवट जुळलेल्या हाडांवर छेद घेतल्यास ती अनपेक्षित जागी फुटतात.

### मुलांमधील विचार

मुलांच्या नाकात कूर्चेचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे बाहेरून हाडे शाबूत दिसत असतानाही नासापटलाला इजा झालेली असू शकते. नासापटलाची कूर्चा नाकाच्या आणि चेहऱ्याच्या मध्यभागाच्या वाढीत महत्त्वाची असते. ती नष्ट झाल्यास किंवा लहान वयात मोठ्या प्रमाणावर काढल्यास नाकाची वाढ खुंटते. मुलांमध्ये हाडे तीन ते सात दिवसांत जागेवर बसवण्याचा प्रयत्न केला जातो. संपूर्ण नासासंधान मात्र वाढ जवळजवळ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलींमध्ये सुमारे १५ ते १६ आणि मुलांमध्ये सुमारे १६ ते १८ वर्षांपर्यंत, पुढे ढकलतात. श्वास फारच अडत असल्यास त्याआधीही कमीत कमी कूर्चा काढून पडद्याची मर्यादित दुरुस्ती केली जाते.

## शस्त्रक्रियेची पद्धत

ही शस्त्रक्रिया सहसा पूर्ण भूल देऊन करतात. श्वासनलिकेत नळी घालून श्वसनमार्ग सुरक्षित केला जातो. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून नाकात लिडोकेन आणि अ‍ॅड्रिनॅलिन यांचे मिश्रण टोचतात.

### छेद

बंद पद्धतीत सर्व छेद नाकपुड्यांच्या आत घेतले जातात आणि बाहेर व्रण राहत नाही. खुल्या पद्धतीत दोन नाकपुड्यांमधील त्वचेच्या स्तंभावर एक लहान छेद जोडून नाकाची त्वचा वर उचलली जाते. त्यामुळे कूर्चा आणि हाडे प्रत्यक्ष दिसतात. आघाताने रचना बरीच बिघडली असल्यास अनेक शल्यचिकित्सक खुली पद्धत निवडतात. तिच्यात शेंड्याची सूज अधिक काळ टिकते. स्तंभावरचा व्रण मात्र बहुधा फिकट होत जातो.

### नासापटलाची दुरुस्ती

पटलावरील आवरण दोन्ही बाजूंनी अलगद सोडवून वाकडे आणि एकमेकांवर चढलेले भाग मोकळे केले जातात. पूर्वी वाकडी कूर्चा मोठ्या प्रमाणावर काढून टाकण्याची पद्धत होती. तीत नाकाचा आधार जाऊन कणा खचण्याचा धोका असे. आता कण्याच्या खाली आणि पुढच्या कडेला किमान १० ते १५ मिलिमीटर रुंदीची काटकोनी पट्टी राखून ठेवतात आणि उरलेल्या कूर्चेपैकी आवश्यक तेवढाच भाग काढतात. राखलेली पट्टीच मोडलेली असल्यास तिला कूर्चेच्या सरळ पट्ट्यांचा टेकू देतात. अतिशय वाकडे पटल संपूर्ण बाहेर काढून, सरळ करून पुन्हा बसवण्याचे तंत्रही वापरात आहे. त्याला शरीराबाहेरील पटलसंधान म्हणतात. पटलाचे खालचे टोक मध्यरेषेवर आणून वरच्या जबड्याच्या पुढील काट्याला टाक्याने बांधले जाते.

### हाडांचे पुनर्भंजन

चुकीच्या जागी पक्के झालेले हाड हलवण्यासाठी ते नियंत्रित रीतीने पुन्हा कापावे लागते. याला अस्थिच्छेदन म्हणतात. दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या बारीक छिन्नीने मध्यरेषेजवळ आणि बाजूंच्या तळाशी छेद घेऊन हाडांच्या भिंती सुट्या केल्या जातात. बाहेर फुगलेल्या किंवा एका बाजूने लांब झालेल्या भिंतीवर मधला आणखी एक छेद लागतो. बाजूचा छेद घेताना नाकाच्या पोकळीच्या तोंडाशी असलेला हाडाचा लहान त्रिकोण शाबूत ठेवतात, कारण तो आत सरकल्यास श्वसनमार्ग अरुंद होतो. पूर्वीच्या भंगरेषा छेदाला आपल्याकडे ओढतात. ही या शस्त्रक्रियेतील खास अडचण आहे. अलीकडे काही ठिकाणी स्वनातीत कंपनांवर चालणारी पिएझो उपकरणे वापरतात. ती हाड कापतात, पण मऊ ऊतींना इजा कमी करतात.

### कलमे

खचलेला किंवा अशक्त भाग भरून काढण्यासाठी कूर्चेची कलमे वापरतात. पहिली पसंती नासापटलाच्याच कूर्चेला असते. ती पुरेशी नसल्यास कानाच्या खोलगट भागातील कूर्चा घेतात. ती वक्र असल्याने शेंड्यासाठी उपयोगी, पण भक्कम आधारासाठी कमी पडते. मोठ्या खोगीर विकृतीत बरगडीची कूर्चा लागते. बरगडीची कूर्चा पुढे वाकू शकते, म्हणून तिचा मध्यभाग निवडून समतोल काप घेतले जातात. काही वेळा कूर्चेचे बारीक तुकडे करून ते कपाळाच्या बाजूच्या स्नायूवरील पातळ आवरणात गुंडाळून बसवतात.

वरची पार्श्व कूर्चा आणि नासापटल यांच्यामध्ये बसवल्या जाणाऱ्या लांबट पट्टीला विस्तारक कलम म्हणतात. ती नासाझडप उघडी ठेवते आणि वाकड्या कण्याला सरळ करणाऱ्या फळीचेही काम करते. सिलिकोन किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीन यांचे कृत्रिम रोपणही उपलब्ध आहे. त्यामुळे दुसऱ्या जागी छेद घ्यावा लागत नाही, परंतु जंतुसंसर्ग होण्याचा आणि रोपण त्वचेतून बाहेर येण्याचा धोका राहतो.

## शस्त्रक्रियेनंतरची काळजी

नाकावर बाहेरून सुमारे एक आठवडा खपाटी ठेवली जाते. आत बसवलेल्या सिलिकोनच्या पट्ट्या साधारण त्याच सुमारास काढतात. डोळ्यांखालची काळी-निळी झाक एक ते दोन आठवड्यांत जाते. डोके उंचावर ठेवून झोपणे, मिठाच्या पाण्याने नाक स्वच्छ ठेवणे, नाक जोरात न शिंकरणे आणि शिंक आल्यास तोंड उघडे ठेवणे असा सल्ला दिला जातो. धूम्रपानाने जखम भरण्यास उशीर होतो.

चष्म्याचा भार काही आठवडे नाकाच्या हाडांवर पडू द्यायचा नसतो. अंगाला अंग भिडणारे खेळ किमान सहा आठवडे, आणि अनेकदा त्याहून अधिक काळ, बंद ठेवावे लागतात. बरीचशी सूज पहिल्या काही महिन्यांत उतरते. शेंड्याचा अंतिम आकार दिसण्यास सुमारे एक वर्ष लागते. त्यापूर्वी पुनर्शस्त्रक्रियेचा निर्णय सहसा घेतला जात नाही.

## गुंतागुंत आणि मर्यादा

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नासापटलाला भोक पडणे, शेंड्याची तात्पुरती बधिरता आणि आत चिकट पट्टे तयार होणे या ज्ञात गुंतागुंती आहेत. बरगडीची कूर्चा घेताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. मेंदूभोवतीचा द्रव नाकातून गळणे अत्यंत दुर्मीळ असले तरी गंभीर असते.

सर्वांत सामान्य असमाधान मात्र नाक पुन्हा थोडे वाकडे होण्याचे असते. वाकलेल्या कूर्चेत मूळ वळणाकडे परतण्याची प्रवृत्ती असते, आणि आघाताच्या व्रणांचे आकुंचन तिला साथ देते. चेहऱ्याच्या दोन बाजू जन्मतःच असमान असल्यास पूर्ण सरळ नाकही तिरके भासते. म्हणून शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट 'निर्दोष नाक' असे न सांगता 'मोकळा श्वास आणि लक्षात न येणारा आकार' असे मांडले जाते. काही रुग्णांत दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती पहिलीपेक्षा कठीण असते.

## इतिहास

मोडलेल्या नाकाच्या उपचाराची सर्वांत जुनी ज्ञात नोंद इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये आहे. इसवी सनपूर्व सतराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात नाकातील रक्ताच्या गुठळ्या काढून आत तागाच्या कापडाचे बोळे आणि बाहेर ताठ गुंडाळ्यांचा आधार देण्यास सांगितले आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात नाक तातडीने सरळ करण्यावर भर आहे, आणि दिखाऊ पट्ट्या बांधण्याच्या हौसेवर टीका आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेच्या अध्यायात दबलेले वा वाकलेले नाक शलाकेने सरळ करून प्रत्येक नाकपुडीत दोन्ही टोकांना उघडी असलेली नळी घालावी, वरून पट्टी बांधावी आणि तुपाचे सिंचन करावे, असा विधी आहे. आतून आधार देतानाच श्वास चालू ठेवण्याची ही कल्पना आजच्या उपचारांतही टिकून आहे. कापलेले नाक गालाच्या त्वचेने पुन्हा तयार करण्याचे सुश्रुताचे तंत्र याहून वेगळे असून ते सूत्रस्थानात आले आहे.

नासासंधानाच्या जागतिक इतिहासात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. इंग्रज सैन्याबरोबर बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या सुमारास टिपू सुलतानाच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळ विटा तयार करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक तयार केले. या शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह प्रसिद्ध झाले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये ही पद्धत वापरली आणि १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. कावसजीची शस्त्रक्रिया गमावलेल्या नाकाची पुनर्रचना होती. मोडलेल्या हाडांची दुरुस्ती हे क्षेत्र पुढे स्वतंत्रपणे विकसित झाले.

उपाय नसलेल्या काळात मोडलेले नाक आयुष्यभर तसेच राही. इटालियन शिल्पकार मायकेलअँजेलो याचे नाक तारुण्यात पिएत्रो तोरिजानो या सहकाऱ्याने ठोसा मारून मोडले. त्याचे चपटे नाक दानिएले दा व्होल्तेरा याने घडवलेल्या अर्धपुतळ्यातही दिसते.

संवेदनाहरण आणि निर्जंतुकीकरण रुळल्यानंतर परिस्थिती बदलली. अमेरिकेतील जॉन ऑर्लँडो रो याने १८८७ मध्ये नाकाच्या आतून छेद घेऊन आकार सुधारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रॉबर्ट वीअर याने १८९२ मध्ये चेहऱ्यावर व्रण न ठेवता खचलेली नाके दुरुस्त करण्याविषयी लेखन केले. बर्लिनमधील जाक जोसेफ याने १८९८ पासून या शस्त्रक्रियेला पद्धतशीर रूप दिले. फ्रीअर (१९०२) आणि किलियन (१९०४) यांनी नासापटलाच्या आवरणाखालून वाकडा भाग काढण्याचे तंत्र मांडले. विसाव्या शतकाच्या मध्यास मॉरिस कॉटल याने कूर्चा राखून दुरुस्ती करण्यावर भर दिला. १९८४ मध्ये जॅक शीन याने विस्तारक कलमाचे वर्णन केले. त्यानंतर आकार आणि श्वसन यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी दृढ झाली.

## भारतातील कायदा व विमा

भारतीय दंडविधानाच्या कलम ३२० नुसार हाड मोडणे किंवा निखळणे, तसेच चेहरा कायमचा विद्रूप होणे, हे 'जबर दुखापत' या संज्ञेत येत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ही तरतूद कायम आहे. त्यामुळे मारहाणीच्या प्रकरणात नासास्थी मोडली आहे की नाही यावर गुन्ह्याचे गांभीर्य ठरू शकते. उपचारासाठी क्ष-किरण चित्राचा उपयोग मर्यादित असला, तरी अशा प्रकरणांत पुरावा म्हणून ते काढले जाते.

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार यांना त्या वगळणुकीतून सूट आहे. दुखापतीच्या वेळची रुग्णालयातील नोंद, छायाचित्रे आणि श्वसनातील अडथळ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र यांचे महत्त्व त्यामुळे वाढते. दुखापत किरकोळ समजून त्या वेळी कोणतीही नोंद न केलेल्या रुग्णाला पुढे ही बाब सिद्ध करणे अवघड जाते.

## प्रतिबंध

चुकीचे जुळलेले नाक टाळण्याचा सर्वांत प्रभावी मार्ग म्हणजे वेळीच केलेली तपासणी. नाकाला मार लागल्यावर नाक वाढत्या प्रमाणात बंद होणे, रक्तस्राव न थांबणे, पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळणे किंवा ताप येणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत. अशी लक्षणे नसली, तरी सूज उतरू लागताच, म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घेतल्यास हाडे बसवण्याची संधी हातची जात नाही. दुचाकीस्वारांसाठी चेहरा पूर्ण झाकणारे शिरस्त्राण आणि धोक्याच्या खेळांत मुखरक्षक जाळी यांमुळे मूळ दुखापतीचाच धोका कमी होतो.